जुंपायच्या आधीची गोळी

नाही म्हणजे नाही, बाई. तुम्ही गेलात ना तरातरा पलीकडच्या वॉर्डात, जा, पण मी इथून सांगतोय ते तिथपर्यंत ऐकू जाऊ दे... माझ्या बायकोला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. ती बाहेर बाकावर बसलीय, पिशवी मांडीवर घेऊन, दार लावून घेतलंय, तिला बसू द्या. तुमचा तो रक्ताचा रिपोर्ट, तुमची ती व्हिटॅमिनं, घटली काय, वाढली काय, माझ्या अंगातली आहेत ना, मग माझ्याशी बोला. "परत येताना काकूंना मीच समजावते" म्हणे. काय समजावणार? कुणी मागितलंय?

काय मास्तर, बघताय काय? ऐकलंत ना सगळं? ऐकलंच असणार, न ऐकून जाणार कुठं, माझा पलंग संपतो तिथं तुमचा सुरू होतो, तुमच्याही हातात सुया आणि माझ्याही, मशीन रक्त धुऊन परत देत नाही तोवर कुणाची सुटका नाही. समोर त्या शिंपीणबाई, कोपऱ्यात तो ट्रकवाला डोक्यावरून चादर घेऊन... चादरीनं कान झाकत नाहीत दादा, मला माहितीय. तर ऐका आता सगळेच. मी भांडत नाहीये, हं. मी नुसतं बोलतोय.

हे बघा, झालं सुरू. कोपर जरा वाकवलं की हे बोंबलतं. ट्यां ट्यां ट्यां. आता माणसाला बोलायला हात लागतात की नाही? मला तर लागतात. हा हात सुयांचा, हलवायचा नाही, त्या हाताला प्रेशरचा पट्टा, तो मधूनच आवळतो, मग माणसानं दुसऱ्याला चार शब्द सुनवायचे कशानं, पायानं? आणि तो मशीनवाला येतो, "काका, हात सरळ ठेवा, काका, प्रेशर वाढतंय." वाढेल नाहीतर काय. त्या बाईंना बांध की पट्टा, माझं आपोआप उतरेल.

तर झालं काय, मी इथं नवा, तुम्ही मुरलेली माणसं. मला पहिल्यांदा मशीनवर घेतलं तेव्हाच यांनी रक्त काढून ठेवलं, म्हणाले, व्हिटॅमिनं बघायचीत. म्हणलं बघा. तेव्हा एक डी सोडलं तर ठीक होती म्हणे, काठावर, पण होती. आता परत काढलं. आणि आज ह्या आहारवाल्या बाई आल्या कागद घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दार सताड उघडं, आणि काय विचारावं बाईंनी... "काका, घरी कुणी लक्ष देत नाही का तुमच्याकडे?"

दार उघडं होतं, मास्तर. बाक दाराला लागून आहे. ती पिशवीत काहीतरी शोधत होती, कागदाचा कुरकुर आवाज येत होता, तो बंद झाला. बाईंचं वाक्य संपलं आणि तो आवाज बंद झाला. मग माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार? मशीनवाल्याला सांगून दार लावून घेतलं ते तेव्हाच.

लक्ष देत नाही म्हणे. अहो, लक्ष देत नाही असं एक मिनिट तरी मिळू दे मला, मी नवस फेडीन. माझा धंदा विहिरी खणायचा. आख्खा जन्म लोकांना पाणी काढून दिलं, दगड फोडून दिलं, आणि आता मला पाणी मिळतं वाटीनं. वाटीनं, मास्तर. सकाळी ती वाटी भरून माझ्यासमोर ठेवते, ही दिवसाची, यातच गोळ्या, यातच तहान, बघा बुवा तुमचं तुम्ही. मी म्हणतो, अगं, कावळ्याला याच्यापेक्षा जास्त ठेवतात. ती म्हणते, कावळ्याला किडन्या आहेत.

आणि स्वतः माझ्यासमोर पाणी पीत नाही. घास अडकला, डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. उठते, म्हणते, जरा भांडी बघून येते, आणि मागच्या दारी जाऊन उभ्यानं पिते गटागटा. मला ऐकू येतं. मी ऐकल्याचं दाखवत नाही, ती प्यायल्याचं दाखवत नाही, तोंड पुसून येऊन बसते परत. आणि ह्या बाई विचारतात, लक्ष देत नाही का. मी भांडत नाहीये. पण सांगा ना, अजून किती द्यायचं लक्ष?

बरं, ही व्हिटॅमिनं तरी एका दावणीची आहेत का? तेही नाही. शाळेत मी ए बी सी डी यायच्या आत पळालो, म्हणलं आपल्याला काय करायचीय, तर म्हातारपणी ती माझ्या रक्तात येऊन बसली. बसली म्हणजे काय, अर्धी बसलीच नाहीत, तीच तर रड आहे.

ते डी घ्या. आधी डॉक्टर म्हणाले, "डी कमी आहे, ऊन मिळत नाही का तुम्हाला?" मला. ऊन. मास्तर, ही माझी मान बघा, ह्याच्यावर पापड भाजतील लोक. उघड्या माळावर कुदळ मारत जन्म गेला, आणि मला विचारतात, ऊन मिळत नाही का. खड्डा काय छत्री लावून खणतात? पण डॉक्टरांनी नुसतं विचारलं आणि आमच्या हिनं ते औषध समजून घेतलं. झालं. दुसऱ्या दिवसापासून मला अंगणात स्टुलावर बसवलं. सदरा काढून. पाठ तापली की म्हणायची, आता इकडं तोंड करा. पोट तापलं की परत पाठ. मी म्हणलं, अगं, मी माणूस आहे का निवडून वाळत घातलेलं धान्य आहे? म्हणाली, धान्य बरं, उलट बोलत नाही. येणारी-जाणारी माणसं विचारायची, पाव्हणं, काय चाललंय? काय सांगणार, डी खातोय?

आणि इतकं भाजून निघालो, तर आज बाई म्हणतात, नुसत्या उन्हानं तुमचं भागत नाही हो काका. ऊन म्हणे कातडीत कच्चा माल बनवतं, त्याचा पक्का माल करायचं काम बहुतेक करून किडनीचं. आणि माझ्या किडन्या तर पाय पसरून झोपल्यात. म्हणजे दळण दारात येऊन पडलंय आणि गिरणीच बंद. मग हे आधी नाही का सांगायचं? माझ्या पाठीची सालं निघाली त्याचं काय?

...आवळला बघा पट्टा. आवळ बाबा, आवळ. एवढा नंबर बघू दे त्याला, मग बोलतो.

हां. तर ते डी झालं. दुसरीकडं ए. ते काय कमी नाही, ते वाढलंय. मी म्हणलं चला, एक तरी पास झालं, तर बाई डोळे मोठे करून म्हणतात, "हे वाढता कामा नये, काका, ह्याला बाहेर जायला वाटच नाही तुमच्यात, हे साठत जातं. बाहेरचं टॉनिक कोण देतं तुम्हाला?" कोण देणार? माझा मेव्हणा. हिचा भाऊ. ज्याला जगात दोनच गोष्टी कळतात, एक म्हणजे सगळं आणि दुसरं म्हणजे उरलेलं. तो घेऊन आला बाटली, झाकणावर घोडा उधळलेला, "दाजी, दोन चमचे मारा, बघा कसे पळताय." मी म्हणलं, पळून जाऊ कुठं, मशीन तर इथं आहे. पण आणलंय म्हणून घेतलं. ते ए तिथून. म्हणजे माझ्या अंगात एकाला बसायला जागा पुरेना आणि दुसरा घर सोडून परागंदा, असा कारभार. मेव्हण्याला मी सांगतो, त्याचं मी बघतो, त्याच्याशी मात्र मी भांडणार आहे. ते वेगळं.

आता मुख्य मुद्दा. ते बी. बी म्हणजे एक नाही, ते मोठं खटलं आहे, बी अमुक, बी तमुक, आणि त्यांच्यात ते फॉलिक, आणि शेजारी ते सी. ही सगळी पाण्यात विरघळणारी जात. आणि ही सगळी माझ्यातनं गेली. मशीनवर यायच्या आधी होती, मशीनवर आल्यावर गेली. तोंडाचे कोपरे फाटलेत, बघा, हसता येत नाही, तसं हसायला काही होतंही नाही. जीभ सोललेली. आणि तळपाय. लोक म्हणतात ना, तळपायाची आग मस्तकात गेली, ते माझं खरंच होतं, आडवं पडलं की पाय पेटतात नुसते. मग ती उठते आणि पाय चोळत बसते. मी म्हणतो, झोप. ती म्हणते, तुम्ही झोपा. कुणीच झोपत नाही.

मी बाईंना म्हणलं, गेली कुठं ही व्हिटॅमिनं, पाय फुटले का त्यांना? तर म्हणाल्या, भाजी कशी करता? कशी म्हणजे, तुम्हीच सांगितलीत तशी. पोटॅशियम नको म्हणून बटाटा चिरायचा, भिजत घालायचा, पाणी टाकायचं, परत उकळायचा, ते पाणी पण टाकायचं, मग जो काही राहील तो बटाटा. ती हे सगळं करते, मास्तर, एक दिवस चुकत नाही. ताटात येतो तेव्हा तो बटाटा स्वतःला ओळखत नाही. तर बाई म्हणतात, त्या पाण्याबरोबर बी आणि सी पण जातातच थोडी. मी म्हणलं, मग पाणी टाकू नको का? म्हणाल्या, छे छे, टाकायलाच पाहिजे. मग राहू देऊ का? नाही, उकळायचंच. मग काय करू? "म्हणून तर गोळी दिलीय ना, काका."

आणि इथं, मास्तर, इथं मी छाती पुढं काढली. म्हणलं, बाई, गोळीचं तर नावच घेऊ नका. एक दिवस चुकलेली नाही. आमच्या हिनं गोळीचा काय बंदोबस्त ठेवलाय तो बघायला या एकदा. मशीनच्या दिवशी तर उजाडायच्या आत उठते. मला गोळी गिळवत नाही, घशाला चिकटते, म्हणून ती चमच्यानं रगडते, पिठासारखी बारीक, आणि माझ्या त्या वाटीतलं घोटभर पाणी त्यात. माझ्या वाट्याचं पाणी, मास्तर, तुम्हाला कळेल एक घोट म्हणजे काय असतो. पण मी देतो. कारण तिचं म्हणणं असं, तिच्या माहेरी बैल होते, तर तिच्या बापानं सांगून ठेवलेलं, जुंपायच्या आधी चारावं, उपाशी जनावराच्या मानेवर जू ठेवू नये. आता मशीन म्हणजे जुंपणंच आहे. तुमचं रक्त फिरतं तासन् तास, घाण्याला जुंपल्यासारखं. तर माणूस तिथं ताकदीनं जावा, अंगात गोळी घेऊन जावा. शहाणपणाचं आहे की नाही? मला तर पटलं होतं. तुम्हालाही पटलं असतं.

बाईंची आधी नुसती बडबड, बडबड, आणि आता चष्मा काढून पुसायला लागल्या. मी म्हणलं, काय झालं? तर हळूच म्हणाल्या, "मशीनवर यायच्या आधी? दर वेळी आधीच?" म्हणलं, दर वेळी, चुकेल तर शपथ. तर म्हणाल्या, "अहो काका, मग ती गोळी रक्तात पोहोचते न पोहोचते तोवर मशीन बरीचशी धुऊन टाकतं हो. ती मशीन झाल्यावर घ्यायची असते."

धुऊन टाकतं.

म्हणजे बघा. ती उठणार, ती रगडणार, मी माझा घोट त्यात ओतणार, आणि आम्ही दोघं मिळून ती गोळी इथं आणून ह्या मशीनला पाजणार, आणि मशीन ती नेऊन गटारात सोडणार. बैलाला चारा म्हणून घातला आणि गाडीनं खाल्ला. ह्या दवाखान्याखालचं गटार कसलं तगडं झालं असेल, मास्तर. त्याचे तळपाय जळत नसणार.

मी चिडलो का? चिडलो. कुणावर ते मला अजून ठरवता आलेलं नाही. औषधाच्या दुकानवाल्यानं पाकिटावर लिहिलं, रोज एक, सकाळी. आता सकाळ म्हणजे कुठली सकाळ, आधीची का नंतरची, त्याला काय माहीत हा माणूस मशीनवर कधी जातो. बाईंना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. डॉक्टरांना वाटलं, बाईंनी सांगितलं असेल. आणि तिच्या बापाला तर धरता येत नाही, तो वर गेलाय, आणि बैलांच्या बाबतीत म्हातारा बरोबरच होता.

हे सगळं इथवर ठीक. चूक झाली, उद्यापासून नंतर घेऊ, विषय संपला. पण बाई उठल्या आणि म्हणाल्या, "काकूंना नीट सांगायला हवं, दर मशीनच्या दिवशी त्यांची गोळी वाया गेली, त्यांना कारण कळलं पाहिजे." तिथं माझं बिनसलं. म्हणलं, खबरदार. गोळी नंतर द्या, एवढंच सांगा. आधीचं उकरू नका. तर म्हणतात, "मला खरं ते सांगावं लागतं." अहो, नंतर द्या हेच खरं आहे की. मागं काय झालं ते खरं असलं तरी कुणाच्या उपयोगाचं आहे? मी विहिरी खणल्यात, कधी कधी खणून खणून खाली नुसता खडक लागतो, थेंब नाही. मग आम्ही ती बुजवतो. मालकिणीचा हात धरून रोज काठावर नेऊन दाखवत नाही, बघ तुझी विहीर कशी कोरडी निघाली.

तुम्ही तिला ओळखत नाही. मी ओळखतो. ती बाईंना काही बोलणार नाही. मान हलवील. घरी जाईल, चूल पेटवील, माझी वाटी भरून ठेवील. आणि त्यानंतर मी जरा खोकलो, जरा पाय ओढला, जरा जिना चढताना थांबलो, की तिला वाटणार, हे माझ्यामुळं. आज माझे तळपाय जळतात तर तिचे हात चोळतात. उद्या ती चोळताना माझ्याकडं बघणार नाही. एवढंच होईल. बाहेरच्या माणसाला दिसणारही नाही. पण मला आडवं पडून ते बघायचंय, मास्तर, आणि मला ते बघायचं नाहीये. मी मशीन सोसतो, वाटी सोसतो, तो मेलेला बटाटा सोसतो, ते नाही सोसणार. सांगून ठेवतो, ते झालं तर मी ह्या पलंगावर परत यायचा नाही.

नाही, नाही, डोळे मोठे करू नका शिंपीणबाई, बोलायची रीत आहे माझी. येतो मी. न येऊन जातो कुठं. मी काही भांडत नाहीये.

मी स्वतः सांगू म्हणता? मला येत नाही ते. मी खोटं बोललो की माझा आवाज चढतो, असं तिचं म्हणणं. खरं बोलतानाही चढतोच, पण दोन्हींतला फरक तिला कळतो, मलाच कळत नाही. मी तोंड उघडलं की संपलं. तिचा विश्वास तुमच्यावर आहे, मास्तर. काल घरी म्हणत होती, ते मास्तर किती शांत पडून असतात, नाहीतर तुम्ही. म्हणजे तुमचं नाव आहे आमच्या घरात.

तर असं करायचं. मशीन सुटायच्या वेळी ती आत येते, सुईच्या जागी कापूस दाबून धरायला. ती आली की तुम्ही सहज बोलल्यासारखं बोलायचं, "वहिनी, आजपासून आम्हा सगळ्यांचाच नियम बदलला बघा, व्हिटॅमिनची गोळी मशीन झाल्यावर घ्यायची." सगळ्यांचा म्हणायचं, हे महत्त्वाचं. एकट्याचा म्हणलं की ती खोदते, खणायचा धंदा माझा पण खोदते ती. का बदलला विचारलं तर म्हणा, वरून आलाय. वरून आलेल्याला कुणी कारण विचारत नाही. शिंपीणबाई, तुम्ही नुसती मान हलवायची, "हो ना बाई, आमचंही तसंच," एवढं. ट्रकवाले दादा, तुम्ही चादरीतच राहा, तुमच्या तोंडाचा मला भरवसा नाही.

काय म्हणता? "मी शिक्षक माणूस, खोटं कसं बोलू?" मास्तर, आख्ख्या नोकरीत एकाही ढ पोराला वर ढकललं नाहीत? एकालाही नाही? बघा, हसलात. त्या पोराचं वाईट झालं का? मग मलाही तसंच ढकला. आणि तुमची गोळी तुम्ही नंतरच घेता ना? घेता. मग तुमच्याकडून तर आख्खं खरंच आहे, नुसतं "आजपासून" तेवढं खोटं. एका शब्दानं काय पाप लागतंय? लागलंच तर माझ्या नावावर घाला, माझ्या अंगात एवढं साठतंय, त्यात तेही मावेल.

बाई? बाईंचं मी बघतो. त्या यायच्या आत हे झालं पाहिजे, म्हणजे त्या आल्या की ती स्वतःच म्हणेल, कळलं मला, नियम बदलला ना. मग बाई काय बोलणार? बोलल्या तर मी असा कोपर वाकवीन की ह्या मशीनच्या बोंबलण्यात त्यांचं खरं त्यांनाच ऐकू येणार नाही.

थांबा. बाकाचा आवाज आला. उठली ती. चप्पल तिचीच, एक पाय जरा घासत टाकते. बाई अजून पलीकडंच आहेत. मी भिंतीकडं तोंड करून पडतो, म्हणजे मला काही माहितीच नाही.

मास्तर, डोळे मिटू नका. मिटलेत तरी चालेल, पण तोंड उघडा. आली बघा दार उघडून. बोला.